मुंबई महानगरात भाड्याचे घर ठरवताना या चुका टाळा

नागपूर, नांदेड, सांगली किंवा रत्नागिरीहून नोकरीनिमित्त मुंबईकडे येणारे बहुतेक जण घराचा शोध भाड्याच्या आकड्यापासून सुरू करतात. महिन्याला किती परवडेल ते ठरवायचे, तेवढ्यात दोन खोल्या कोठे मिळतात ते पाहायचे, नकाशावर कार्यालयापासूनचे अंतर मोजायचे आणि त्यातल्या त्यात मोठे व नवे दिसणारे घर घेऊन टाकायचे, असा हा क्रम असतो. मध्यम आकाराच्या शहरात तो बहुधा निभावून जातो, कारण तेथे घर थोडे लांब पडले तरी दुचाकीवर अर्ध्या तासात सगळीकडे पोहोचता येते. मुंबई महानगर मात्र एकीकडे विरारपर्यंत, दुसरीकडे कर्जत-कसाऱ्याच्या दिशेने आणि तिसरीकडे पनवेल-उरणपर्यंत पसरले आहे, आणि या विस्तारात माणसाचा दिवस कसा जाईल हे घराच्या आकारापेक्षा त्याच्या रेल्वेमार्गावर अधिक अवलंबून असते. म्हणून आधी लाइन, मग स्थानक, मग स्थानकाची बाजू आणि शेवटी इमारत व खोल्या, अशाच क्रमाने घर निवडावे, असे माझे ठाम मत आहे. हा क्रम उलटला की पुढच्या बहुतेक चुका ओघानेच येतात.

किलोमीटर मोजून जागा पसंत करणे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून (सीएसएमटी) पनवेल रेल्वेने सुमारे ४९ किलोमीटरवर आहे आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर. अंतर पाहिले तर पनवेल जवळचे वाटते. पण पनवेलला जाणाऱ्या हार्बर मार्गावर जलद लोकल नाहीत, तेथील प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते. त्यामुळे पनवेलहून सीएसएमटीला साधारण एक तास वीस मिनिटे लागतात, तर कल्याणहून जलद लोकल त्याहून कमी वेळात पोहोचवते. उलट, नोकरी वाशी, बेलापूर किंवा चेंबूरला असेल तर हाच हार्बर मार्ग सोयीचा ठरतो आणि कल्याण गैरसोयीचे. अमुक उपनगर जवळ आणि तमुक लांब असे सरसकट बोलण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही; ते तुमच्या कार्यालयाच्या स्थानकावरून ठरते.

जलद लोकल कोठे थांबते हा दुसरा प्रश्न. डोंबिवलीला जलद गाड्या थांबतात. तिच्या शेजारच्या ठाकुर्ली आणि कोपर या स्थानकांवर मात्र धीम्या गाड्यांवरच अवलंबून राहावे लागते. या स्थानकांलगत भाडे थोडे कमी दिसले, तर त्यामागचे एक कारण हेही असते. शिवाय गाडी कोठून सुटते ते पाहावे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बोरिवली, विरार अशा ठिकाणांहून सुटणाऱ्या लोकल असल्यामुळे तेथे राहणाऱ्याला थोडा वेळ आधी पोहोचून बसायला जागा मिळवता येते, पण मधल्या स्थानकावर गर्दीच्या वेळी आलेली गाडी भरूनच येते. नालासोपाऱ्याचे कित्येक प्रवासी सकाळी आधी उलट दिशेने विरारला जातात आणि तीच गाडी पकडून परत येतात, ते यासाठीच. हा वेळही रोजच्या प्रवासात धरावा लागतो.

कल्याणच्या पुढे मार्ग दुभंगतो. एक फाटा टिटवाळा, आसनगावमार्गे कसाऱ्याकडे आणि दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमार्गे कर्जत-खोपोलीकडे जातो. कल्याणपर्यंतच्या गाड्या दोन फाट्यांत वाटल्या गेल्यामुळे पुढे गाड्यांमधले अंतर वाढते, आणि वांगणी, नेरळ किंवा वासिंदसारख्या ठिकाणी एक गाडी चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ थांबावे लागते. विरारच्या पुढे डहाणूच्या दिशेनेही तेच घडते. या गावांत घरे मोठी, हवा मोकळी आणि भाडी कमी आहेत हे खरे. आठवड्यातून एक-दोनदाच कार्यालयात जाणाऱ्याने तेथे अवश्य राहावे. रोज दक्षिण मुंबईतला फोर्ट गाठायचा असेल तर तेथील स्वस्ताई पुढे फार महागात पडते.

गर्दी हा केवळ गैरसोयीचा विषय नाही, हेही मला येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. नव्या शहरात आलेला, लोकलची सवय नसलेला तरुण दुसऱ्या आठवड्यात दारात लटकू लागतो, कारण त्याने निवडलेल्या स्थानकावर आत शिरायला जागाच उरलेली नसते. घर ठरवतानाच सकाळी आठच्या सुमारास त्या स्थानकाच्या फलाटावर उभे राहून पाच-सहा गाड्या जाऊ द्याव्यात आणि आपल्याला त्यांत सुरक्षितपणे चढता येईल का, हे डोळ्यांनी पाहावे. ही पाहणी मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी करावी. रविवारी मेगाब्लॉक (देखभालीच्या कामासाठी काही तास गाड्या बंद) असतो, गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते आणि गर्दीही वेगळी. रविवारी घर पाहायला आलेल्या माणसाला खरा प्रवास दिसतच नाही.

कामाच्या ठिकाणांचे ढोबळ गणित असे मांडता येईल. नरिमन पॉइंट, फोर्ट या भागासाठी पश्चिम व मध्य रेल्वेची शेवटची स्थानके तर आहेतच, शिवाय आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाल्यामुळे मरोळ-अंधेरी परिसरातून दक्षिण मुंबईला जाण्याचा नवा रस्ता खुला झाला आहे. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी कुर्ला किंवा वांद्रे स्थानकावर उतरून रिक्षा किंवा बस करावी लागते. याच भुयारी मेट्रोचे स्थानक संकुलातही आहे. पवईसाठी कांजूरमार्ग जवळचे. सीप्झ (अंधेरीतले निर्यात क्षेत्र) आणि अंधेरी औद्योगिक वसाहतीसाठी घाटकोपर-वर्सोवा मेट्रो उपयोगी पडते आणि तिचा भुयारी मेट्रोशी मरोळ नाका येथे सांधा आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली येथील कार्यालयांसाठी ठाणे-वाशी हा ट्रान्सहार्बर मार्ग आहे. त्यामुळे ऐरोलीत नोकरी लागलेल्या माणसाने ‘मुंबईत राहायचे’ म्हणून मालाड किंवा कांदिवलीला घर घेणे म्हणजे रोजची दोन तासांची शिक्षा ओढवून घेणे आहे. त्याच्यासाठी ठाणे, कळवा, खुद्द ऐरोली, कोपरखैरणे हे टापू आधी पाहण्यासारखे आहेत.

एकाच माणसाची नोकरी धरून घर शोधणे

बदली नवऱ्याची होते, घर त्याच्या कार्यालयाजवळ घेतले जाते आणि बायकोने नंतर नोकरी शोधायची असे ठरते. सहा महिन्यांनी तिला नोकरी मिळते ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मग तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. कुटुंबातल्या दोघांना काम करायचे असेल, किंवा एकाला पुढे करायची इच्छा असेल, तर घर दोन मार्ग एकमेकांना मिळतात अशा स्थानकाच्या आसपास घ्यावे. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वे भेटतात, कुर्ल्याला मध्य आणि हार्बर, ठाण्याला मध्य आणि ट्रान्सहार्बर. घाटकोपरला मध्य रेल्वेवरून मेट्रोत बसून अंधेरी गाठता येते आणि अंधेरीला पश्चिम रेल्वे, हार्बर व मेट्रो असे तिन्ही आहेत. एकाचे काम फोर्टला आणि दुसऱ्याचे ऐरोलीला असेल तर ठाणे किंवा मुलुंड दोघांनाही न्याय देते. एक वांद्रे-कुर्ला संकुलात आणि दुसरा बेलापूरला जात असेल तर चेंबूर, टिळकनगर हा पट्टा चांगला. अशा ठिकाणी भाडे दोन-तीन हजारांनी जास्त असते. तरीही ते द्यावे, कारण पुढच्या वर्षी नोकरी बदलली तरी घर बदलावे लागत नाही.

मुलांच्या शाळेचा विचार बहुतेक जण करतात, पण तो ‘जवळ शाळा आहे’ एवढ्यावरच थांबतो. मुलाला मराठी माध्यमात शिकवायचे असेल तर हा विचार घरापूर्वीच करावा लागतो, कारण मुंबई परिसरात चांगल्या चाललेल्या मराठी शाळा सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत. विलेपार्ल्याचे पार्ले टिळक विद्यालय, शीवचे डी. एस. हायस्कूल, गोरेगावची अ. भि. गोरेगावकर शाळा, ठाण्याचे बेडेकर विद्यामंदिर, डोंबिवलीचे टिळकनगर विद्यामंदिर या शाळांच्या आसपास घर शोधणारी मराठी कुटुंबे आहेत. नव्याने उभ्या राहिलेल्या मोठ्या गृहसंकुलांच्या परिसरात मात्र मराठी माध्यमाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर क्वचितच सापडते. वर्षाच्या मध्येच बदली झाली असेल तर घराची अनामत देण्यापूर्वी शाळेत जागा आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

आणखी एक गोष्ट फारसे कोणी लक्षात घेत नाही, ती म्हणजे गावी जाण्याचा रस्ता. आईवडील गावी असतील, महिन्यातून एकदा-दोनदा जायचे असेल, किंवा एखाद्या रात्री अचानक निघावे लागेल असे वाटत असेल, तर त्याचाही विचार व्हावा. विदर्भ, मराठवाडा व खानदेशाकडच्या मध्य रेल्वेच्या बहुतेक गाड्या ठाणे-कल्याणला थांबतात. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या बस वाशी, नेरूळ, कळंबोली असे थांबे घेत द्रुतगती मार्गाला लागतात, आणि कोकण रेल्वेच्या गाड्यांसाठी ठाणे व पनवेल ही मोठी स्थानके आहेत. बोरिवलीच्या पुढे राहणाऱ्या विदर्भातल्या माणसाला गावी जाण्यासाठी आधी दीड-दोन तास मुंबईच ओलांडावी लागते.

‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ या शब्दांवर विश्वास ठेवणे

जाहिरातीतली दहा मिनिटे चालत, रिक्षाने की रात्री बारा वाजता मोकळ्या रस्त्यावर मोटारीने, हे विचारल्याशिवाय या वाक्याला किंमत देऊ नये. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवलीपासून ठाणे स्थानक सुमारे दहा किलोमीटर आहे आणि सकाळ-संध्याकाळ या रस्त्यावर किती वेळ जाईल हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. कल्याण-शीळ रस्त्यावरील मोठ्या संकुलांचा पत्ता डोंबिवलीचा असला तरी डोंबिवली स्थानक तेथून काही किलोमीटरवर आहे. ही घरे उत्तम बांधलेली असू शकतात, आत बाग आणि तलावही असतात. पण लोकलने रोज जाणाऱ्याला संध्याकाळी स्थानकाबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि पावसात ती रांग फार लांबते.

म्हणून वेळ दारापासून दारापर्यंत मोजावा: घरातून निघणे, रिक्षाची रांग, पूल चढून फलाट गाठणे, गाडी, उतरल्यावरची दुसरी रांग आणि कार्यालयाची लिफ्ट. खर्चही तसाच मोजावा. समजा, स्थानकापासून लांबच्या घराचे भाडे पाच हजारांनी कमी आहे, पण दोघांना रोज प्रत्येकी जाताना २५ आणि येताना २५ रुपये शेअर रिक्षाचे पडतात. महिन्याच्या २५ दिवसांचे अडीच हजार येथेच गेले. उशीर झाल्यावर करावी लागणारी स्वतंत्र रिक्षा, भाजी-औषधांसाठीच्या फेऱ्या आणि पाहुण्यांची ने-आण धरली की उरलेली बचतही विरून जाते.

स्थानकाची पूर्व आणि पश्चिम बाजू यांत गल्लत करू नये. नकाशावर शेजारी दिसणारी दोन ठिकाणे रुळांच्या दोन बाजूंना असली तर वाहनाने उड्डाणपुलाचा वळसा पडतो आणि पायी जायचे तर पादचारी पुलावरच्या गर्दीतून वाट काढावी लागते. बाहेरून येणाऱ्यांना सहसा माहीत नसलेली आणखी एक बाब अशी, की शीव आणि वांद्रे-माहीमच्या दक्षिणेला, म्हणजे मुंबई शहरात, रिक्षा चालत नाहीत. तेथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. परळ-लालबागला घर घेणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या कुटुंबाने हा खर्च गृहीत धरावा.

येणाऱ्या मेट्रोसाठी आज जास्त भाडे मोजणे

घर विकत घेणाऱ्याने दहा वर्षांनंतरचा विचार करणे समजू शकते. भाडेकरूचा करार बहुधा ११ ते ३६ महिन्यांचा असतो, त्यामुळे आज धावत असलेली गाडीच त्याच्या उपयोगाची. नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन २०११ मध्ये झाले आणि बेलापूर-पेंधर गाडी धावली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात ‘मेट्रोजवळचे घर’ म्हणून भाडे भरणाऱ्यांना केवळ खांब दिसत राहिले, आणि काम चालू असताना रस्ता अरुंद होऊन कोंडी वाढते ती वेगळीच. उलव्याचेही तसेच आहे. नवी मुंबई विमानतळ आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू यांमुळे तेथील भाव वाढले. पण अटल सेतूवर दुचाकीला प्रवेश नाही आणि मोटारीला टोल आहे, हे लक्षात घेऊन आपल्याला त्याचा किती उपयोग होणार ते ठरवावे.

कोरड्या ऋतूत पाहून पावसाळा विसरणे

शाळा जूनमध्ये सुरू होतात, म्हणून घरे एप्रिल-मेमध्ये पाहिली जातात आणि तेव्हा सगळीच मुंबई कोरडी असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो प्रसंग अपवादात्मक होता. मात्र हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरीचा भुयारी मार्ग, मिठी नदीकाठचा कुर्ला, नालासोपाऱ्याचे सखल भाग येथे पाणी साचण्यासाठी तेवढ्या पावसाची गरज नसते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला तेव्हा बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. त्या नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये घर घेताना हे आठवावे. एजंट ‘येथे पाणी भरत नाही’ असेच सांगणार. विचारायचे असेल तर समोरच्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला आणि रखवालदाराला विचारावे, आणि तळमजल्याच्या भिंतीवरच्या ओलीच्या रेषा व विजेच्या मीटरची पेटी किती उंचावर बसवली आहे, ते पाहावे.

पाऊस प्रामुख्याने नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून जुन्या इमारतीतल्या पश्चिमेकडच्या भिंती आणि सर्वांत वरचा मजला यांची पाहणी नीट करावी. घर दाखवण्यापूर्वी एकाच भिंतीला नवा रंग दिलेला दिसला तर त्यामागे बहुधा गळती असते.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न याच्या उलट, उन्हाळ्यातला. मुंबई महापालिकेचे पाणी दिवसातून ठरावीक तासच येते, सोसायटी ते टाकीत साठवते आणि पुन्हा ठरावीक वेळी सोडते. यात गैर काही नाही, मात्र दोघेही सकाळी सातला घर सोडणार असतील तर पाणी सुटण्याची वेळ आधी कळायला हवी. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण असल्याने वाशी-नेरूळ भागाची स्थिती तुलनेने चांगली आहे. त्याच ‘नवी मुंबई’ नावाखाली विकल्या जाणाऱ्या सिडकोच्या दूरच्या वसाहतींना, घोडबंदर रस्त्याच्या काही संकुलांना, दिव्याला आणि वसई-विरारच्या अनेक भागांना टँकर परिचित आहेत. एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावे लागतात का आणि त्यांचे पैसे मालक देतो की भाडेकरू, हे दोन्ही प्रश्न नेमके विचारावेत.

वासाचाही विचार करावा. कांजूरमार्ग आणि देवनारच्या कचराभूमीचा त्रास वाऱ्याच्या दिशेनुसार बदलतो, तळोजा औद्योगिक वसाहतीचा वास रात्री जाणवतो, आणि डोंबिवली औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले होते. अशा भागातले घर रात्री दहानंतर एकदा पाहून यावे.

इमारतीबद्दल काहीच न विचारणे

‘मी फक्त भाडेकरू, कागदपत्रांशी माझा काय संबंध’ ही समजूत धोकादायक आहे. मुंब्र्याजवळ शीळ फाटा येथे एप्रिल २०१३ मध्ये बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण दगावले. त्यांत तेथे राहायला आलेली कुटुंबे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. नालासोपारा पूर्वेतील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडल्या गेल्या, तेव्हा मालकांबरोबर भाडेकरूही रस्त्यावर आले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ती राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का, तीस वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणी झाली आहे का, महापालिकेच्या किंवा म्हाडाच्या धोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारण्यात संकोच कसला? या याद्या दर वर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर होतात.

दुसरा प्रश्न पुनर्विकासाचा. विलेपार्ले, मुलुंड, चेंबूर, घाटकोपर, बोरिवली येथील जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. अशा इमारतीत भाडे वाजवी असते, शेजार चांगला असतो आणि मालकही घाईने होकार देतो. विकासकाशी करार झाला की मालकाला पर्यायी जागेचे भाडे मिळते, तर त्याच्या भाडेकरूला फक्त घर सोडायची सूचना. विकासक नेमला गेला आहे का, हे विचारावे आणि मुदतीपूर्वी घर सोडावे लागले तर अनामतीबरोबर दलालीचा उर्वरित हिस्साही मालक परत देईल, असे कलम करारात घालून घ्यावे. मालक हे मान्य करत नसेल तर त्याला काही माहीत आहे असे समजावे.

करार ‘अकरा महिन्यांचाच तर आहे’ म्हणून नोंदवून न घेणे

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज राज्यभर रुजलेला आहे आणि महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी केवळ राहण्याची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती न केल्यास त्याला शिक्षेची तरतूद आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. खर्चही मोठा नाही. महिना २० हजार भाडे, एक लाख अनामत आणि ११ महिने मुदत असेल तर एकूण भाडे व अनामतीवरचे १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे सुमारे ६०० रुपये मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात एक हजार रुपये नोंदणी शुल्क पडते. आधारच्या बोटठशांवर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. गॅसजोडणी, पत्त्याचा पुरावा, शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांचा प्रवेश अर्ज, या सगळ्यांसाठी हाच कागद पुढे लागतो. केवळ नोटरी केलेला करार अनेक ठिकाणी चालत नाही.

‘हेवी डिपॉझिट’ या पद्धतीबद्दल मी विशेष सावध करीन. एकरकमी मोठी अनामत द्यायची आणि महिन्याचे भाडे नाममात्र किंवा शून्य ठेवायचे, ही पद्धत मुंबईत जुनी आहे आणि ज्याच्याजवळ गावची जमीन विकून आलेले पैसे आहेत त्याला ती आकर्षक वाटते. मालक ती रक्कम बहुधा दुसरीकडे गुंतवतो. मुदत संपल्यावर नवा भाडेकरू अनामत घेऊन येईपर्यंत त्याच्याकडे परत द्यायला पैसे नसतात. घरावर कर्ज असेल आणि हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घेऊ शकते, आणि तुमचे दहा लाख मालकाकडून वसूल करायचे काम तुमच्याच गळ्यात पडते. वयाच्या साठीतल्या माणसाने निवृत्तीची रक्कम अशा करारात कदापि गुंतवू नये.

टोकन, म्हणजे घर पक्के करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी समोरची व्यक्ती खरोखर मालक आहे का, हे इंडेक्स टू (घराच्या नोंदणीकृत खरेदीचा उतारा), वीजबिल आणि सोसायटीच्या देखभाल शुल्काच्या पावतीवरील नावावरून पडताळावे. संकेतस्थळावर आपण लष्करात असल्याचे सांगून, घर न दाखवता क्यूआर कोड पाठवणारे भामटे याच घाईचा फायदा घेतात. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. मालक परदेशी राहत असेल तर भाड्यातून प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि त्यासाठी एरवीची महिना पन्नास हजार रुपये भाड्याची मर्यादाही लागू होत नाही; अशा घरासाठी आधी करसल्लागाराला विचारावे.

अविवाहित तरुणांना, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना आणि मांसाहार करणाऱ्या कुटुंबांना काही सोसायट्यांत घर नाकारले जाते. हा अन्याय आहे आणि त्याला जाब विचारला गेलाच पाहिजे. पण एजंटच्या ‘काही अडचण येणार नाही’ या तोंडी आश्वासनावर टोकन देऊन नंतर दारातून परतण्यापेक्षा, हा प्रश्न मालकालाच थेट आणि आधी विचारलेला बरा.

चूक झाली आहे असे लक्षात आल्यावर

पहिल्या महिन्यातच प्रवास झेपत नाही असे कळले, तर करारातील लॉक-इनचे (ठरावीक काळाआधी घर सोडता येणार नाही, हे सांगणारे) कलम आधी वाचावे. लॉक-इन भाडेकरूवर असेल तर मधेच घर सोडताना उर्वरित महिन्यांचे भाडे मागितले जाऊ शकते. अशा वेळी बदली भाडेकरू स्वतः शोधून देण्याचा प्रस्ताव मालकापुढे ठेवावा, कारण मालकाला घर रिकामे राहण्याचीच भीती असते आणि बहुतेक जण यावर तयार होतात. करार नोंदवलाच नसेल तर मालकाला लेखी विनंती करावी आणि भाडे केवळ बँकेतून द्यावे, म्हणजे व्यवहाराचा पुरावा राहतो. मुदत संपल्यावर मात्र नूतनीकरणाशिवाय राहू नये, कारण लीव्ह अँड लायसन्सची मुदत उलटून ताबा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्काची आकारणी होऊ शकते.

ही वेळच येऊ नये यासाठी, ज्यांना शक्य आहे त्यांनी पहिला महिनाभर नातेवाइकांकडे, वसतिगृहात, पेइंग गेस्ट म्हणून किंवा कॉट बेसिसवर (फक्त एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन) राहावे आणि कुटुंब व सामान नंतर आणावे. एवढ्या काळात कार्यालयाची खरी वेळ, परतीची गर्दी आणि सहकारी कोठून येतात हे सगळे कळते.

घर ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखे, गिझर यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवावीत, कारण अनामतीतून होणाऱ्या कपातीचे भांडण नेहमी यांवरूनच होते. घर सोडण्याच्या एक महिना आधी लेखी सूचना द्यावी, शेवटचे वीज व गॅसचे बिल भरल्याची पावती द्यावी आणि चावी सोपवणे व अनामतीची रक्कम खात्यात जमा होणे या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत व्हाव्यात, असे करारातच लिहून घ्यावे. मालक टाळाटाळ करू लागला तर शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून वळते करण्यास त्याची लेखी संमती घ्यावी. संमती नसताना भाडे थांबवले तर थकबाकीदार तुम्हीच ठरता.